आकाशी रंगाचे तीन हात

मोटार रंगवायला टाकली की माणसाने एक पथ्य पाळावं. ती तयार होईपर्यंत तिच्याकडे फिरकू नये. मी हे पथ्य पाळलं असतं तर माझी मोटार आठ दिवसांत रंगून घरी आली असती आणि सांगण्यासारखं काही घडलंच नसतं. पण सत्तावन्न सालच्या त्या सप्टेंबरात रविवारी जायला मला दुसरं ठिकाण नव्हतं.

माझं नाव मनमोहन धैर्यवान. हे आडनाव आम्हा पाठारे प्रभूंत फार जुनं आहे. माझ्या स्वभावाशी त्याचा संबंध जोडून कोणी अपेक्षा वाढवू नयेत. फोर्टातल्या एका विमा कचेरीत मी हेडक्लार्क. ठाकुरद्वारला पहिल्या मजल्यावर तीन खोल्या, आणि खाली जिन्याच्या बाजूला एक छोटी काळी मोटार. ती माझ्या चुलत्यांची. त्यांनी मला दिली तेव्हाच ती वयाने माझ्या मुलीएवढी होती. पत्नी वासंती जाऊन दीड वर्ष झालं होतं. मुलगी मृणालिनी लग्न होऊन नागपूरला. रविवारी दिवसभरात माझ्या तोंडून किती शब्द निघतात ते मी एकदा मोजलं होतं. दूधवाल्याला 'अर्धा शेर', खानावळीच्या माणसाला 'ठेव तिथं', आणि संध्याकाळी रेडिओवर बातम्या देणाऱ्याला 'बरं बरं'. शेवटचे दोन मोजायचे की नाहीत याबद्दल मतभेद होऊ शकतो.

अशात मृणालिनीचं पत्र आलं. "अप्पा, दिवाळीला आम्ही तिघं येतो. जयवंतांना रजा मिळेलसं दिसतं. तुम्ही अजून बाळाला पाहिलं नाहीत. मात्र ती काळी पेटी घेऊन बोरीबंदरवर येऊ नका हं, पोरगं घाबरेल."

शेवटचं वाक्य थट्टेचं होतं हे मला आज कळतं. तेव्हा मी ते सरकारी हुकमासारखं वाचलं. खाली जाऊन मोटारीकडे पाहिलं. टपाचा काळा रंग विटून राखाडी झाला होता, आणि दार जरा जोरात लावलं की रंगाचा एखादा पोपडा पायाशी पडत होता. मोटार रंगवायची, असं मी ठरवलं. मोठ्याने ठरवलं, ही चूक झाली.

तळमजल्यावरचे तात्या दारातच बसले होते. तात्या गोदीत स्टोअरकीपर होते आणि निवृत्त झाल्यापासून मुंबई बेटावरच्या सर्व लोखंडाची काळजी त्यांनी स्वतःकडे घेतली आहे.

"रंगवणार? मग आधी आठ दिवस खोबरेल चोळा," ते म्हणाले. "खारी हवा पत्र्यात मुरलेली असते. ती तेलाशिवाय बाहेर निघत नाही. गोदीत आम्ही..."

गोदीत ते काय करत ते मी सगळं ऐकून घेतलं. तेवढ्यात दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून सुनंदाबाईंनी रंगाचा प्रश्न हाती घेतला. "मनमोहनराव, काळा नको हो पुन्हा! आकाशी द्या, आकाशी!" तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी 'चॉकलेटी!' असं ओरडलं. ते कोण, याचा पत्ता मला आजवर लागलेला नाही. मात्र हे सगळं पाऊण तास चाललं, आणि वासंतीच्या तेराव्यानंतर इमारतीतली एवढी माणसं माझ्याशी एकदम बोलली नव्हती. तेव्हा मी आकाशी रंग मान्य केला आणि खोबरेल तेलाची बाटली आणली. सकाळ-संध्याकाळ आठ दिवस मोटारीला इतकं मन लावून चोळलं की वासंती असती तर म्हणाली असती, माझं डोकं दुखायचं तेव्हा कुठं होता हा हात?

लालबागला एका गिरणीच्या भिंतीला लागून पत्र्याची एक शेड आहे. तिथे मोटारींना फवाऱ्याने रंग देत. कोपऱ्यात हवेचं मशीन धडधडत असे, त्याच्या नळीच्या टोकाला पितळी बंदूक, आणि बंदुकीमागे कोंडीराम. वय चाळिशीचं, अंगाने काटक. नाकातोंडाला धुवट रुमाल बांधलेला, त्यामुळे पहिले दोन आठवडे मी या माणसाचे फक्त डोळेच पाहिले. त्याने मोटारीभोवती एक फेरी मारली, मग डोळे मिटून बॉनेटवरून तळवा फिरवला.

"डोळे फसतात साहेब," तो म्हणाला. "तळवा नाय फसत."

मग त्याने तो तळवा नाकाशी नेला आणि माझ्याकडे पाहिलं. मी गिरणीच्या धुराड्याकडे पाहू लागलो.

जुना रंग खरवडून, पाण्याच्या कागदाने घोटून, खड्ड्यांत लांबी भरून पुढच्या रविवारी त्याने पहिला हात दिला. मी समोर स्टुलावर बसून होतो. आकाशी धुकं पत्र्यावर बसत गेलं आणि मला वाटलं, मृणालिनी गाडीतून उतरल्यावर आधी मला पाहील की मोटारीला? एवढ्यात बॉनेटवर एक गोल भोक पडलं. मग दुसरं. पाहता पाहता सगळा रंग जागोजागी मागे सरकून वाटीवाटीएवढे डाग उघडे पडले.

"देवी आल्या गाडीला," कोंडीराम रुमालाआडून म्हणाला. "पत्र्याला तेल लावलं होतं काय कोणी?"

"तेल?" मी म्हणालो. "छे!"

"खोबरेल हाय, साहेब. चांगलं घाणीचं. सांध्यात मुरलंय, आता कोपऱ्याकोपऱ्यातनं बाहेर येतंय. तेलावर रंग उभा राहत नाय."

धैर्यवान घराण्यात खोटं पकडलं गेल्यावर माणूस घड्याळ पाहतो. मी घड्याळ पाहिलं. कोंडीराम चिंधी आणि पेट्रोल घेऊन खाली बसला आणि दारांच्या सांध्यांतून माझी आठ दिवसांची माया पुसून काढू लागला.

पुसता पुसता त्याने विचारलं, "दिवाळीला कोण येणार म्हणालात?"

"मुलगी. नागपूरला असते."

चिंधी थांबली. "नागपूरला? मी गेलो होतो ना. गेल्या वर्षी दसऱ्याला. दीक्षा घेतली तिथं."

मी पेपरात वाचलं होतं. लाखो माणसं, पांढरे कपडे, एवढंच आठवत होतं. मला एवढंच सुचलं, "कसं आहे हो नागपूर?"

कारण मुलगी दोन वर्षं तिथे नांदत होती आणि मी नागपूर पाहिलेलं नव्हतं. कोंडीरामने मला नागपूर सांगितलं. रस्ते किती रुंद, स्टेशनाबाहेर संत्र्यांचे ढीग कसे, लोक अनोळखी माणसाला घरातून पाणी कसं आणून देतात. घरी येताना मला नागपूरबद्दल मृणालिनीच्या सगळ्या पत्रांपेक्षा जास्त माहिती झाली होती.

दुसरा हात ऑक्टोबरात. त्या वेळी झालेल्या सर्व प्रकाराला मी एकटाच जबाबदार आहे हे आता कबूल करतो. तेव्हा केलं नव्हतं.

झालं असं की कोंडीराम रंगात थिनर ओतत होता आणि ते मला पाहवेना. मध्यमवर्गीय माणसाने आयुष्यभर गवळ्याशी एकाच मुद्द्यावर भांडण केलेलं असतं. मी शेडच्या मालकांना म्हणालो, "रंग पातळ करू नका. घट्टच द्या." मालक कोंडीरामला म्हणाले, "गिऱ्हाईक म्हणतंय ना, मग तसं कर." कोंडीरामच्या भुवया रुमालाच्या दिशेने खाली आल्या, बस्स. दुसरं म्हणजे, उकाडा असह्य होता. रंग लवकर वाळावा आणि कोंडीरामलाही वारा लागावा, अशा दुहेरी परोपकारी बुद्धीने मी घरचा टेबलफॅन टॅक्सीत घालून नेला होता. कोंडीराम मशीनमधलं साचलेलं पाणी सोडायला वळला तेव्हा मी तो मोटारीसमोर लावला.

कोंडीराम रंग द्यायची वेळ गिरणीच्या भोंग्यावरून ठरवत असे. भोंगा झाला की पाळी सुटते, हजार पावलांची धूळ उठते आणि कपड्यांवरचा कापूस उडत शेडमध्ये येतो. म्हणून दोन भोंग्यांच्या मधल्या शांततेत काम. पण त्या दिवशी भोंगा नसताना पावलांचा आवाज आला. नरे पार्कवर संयुक्त महाराष्ट्राची सभा होती आणि लालबागहून मिरवणूक निघाली होती. घोषणा शेडच्या पत्र्यावर आदळू लागल्या. मी स्टुलावर उभा राहून पाहत होतो. एवढ्यात कोणीतरी पत्रकांचा गठ्ठा हवेत उधळला. एक पत्रक भिरभिरत आत आलं, माझ्या पंख्यापुढून गेलं, वाऱ्यावर स्वार झालं आणि बॉनेटच्या बरोबर मध्यावर सपकन बसलं.

मी धावत जाऊन ते सोलून काढलं. कागद आला. अक्षरं राहिली. ओल्या आकाशी रंगावर ठसठशीत काळ्या, उलट्या अक्षरांत 'झालाच पाहिजे' उमटलं होतं.

कोंडीरामने बंदूक खाली ठेवली, पंखा बंद केला आणि रुमाल खाली ओढला. मी त्याचं तोंड पहिल्यांदा पाहिलं. ते हसत होतं. मीही हसलो, आणि दचकलो, कारण माझं हसू मला बरेच दिवसांत ऐकू आलं नव्हतं.

हसू ओसरल्यावर मी दारावरून हात फिरवला. रंग वाळला होता. पण सपाट नव्हता. बारीक बारीक उंचवटे, खळगे, सगळीकडे.

"संत्र्याची साल," कोंडीराम म्हणाला. "याला आम्ही तेच म्हणतो. पुन्हा घोटायचं आता."

मला घाई होती. दिवाळी दहा दिवसांवर आली होती. घरी आलो तर दारात पत्र.

"अप्पा, जयवंतांची रजा नामंजूर झाली. नव्या राज्यात कचेऱ्यांची हलवाहलव चाललीय, कोणालाच सोडत नाहीत. वाईट वाटून घेऊ नका. पुढे पाहू."

मी पत्र दोनदा वाचलं. नंतर खाली जाऊन तात्यांना सांगावं असं वाटलं. पण तात्यांनी विचारलं, "काय, मुलगी कधी येतेय?" आणि मी म्हणालो, "लौकरच." दिवाळीच्या पहाटे सुनंदाबाईंनी फराळाचं ताट पाठवलं. त्यात चार करंज्या होत्या, आम्हा चौघांसाठी. मी त्या चार दिवस पुरवल्या.

मोटार रंगवण्याचं आता कारण उरलं नव्हतं. पण अर्धवट रंगलेली मोटार शेडमध्ये होती आणि मी मोटार खात्याला अर्ज करून बसलो होतो. रंग बदलला तर पुस्तकात नोंद करावी लागते, आणि त्यासाठी मोटार अमुक तारखेला समक्ष दाखवावी लागते. तारीख बदलायला दुसरा अर्ज लागतो. तो अर्ज स्वीकारणारा माणूस त्या तारखेनंतरच रजेवरून येणार होता. तेव्हा मी साल आलेली, घोषणा छापलेली मोटार घेऊन कचेरीच्या आवारात उभा राहिलो.

इन्स्पेक्टर बारीक मिशांचे, माझ्याच वयाचे होते.

"रंग कोणता?"

"आकाशी."

"आकाशी असा रंग नाही."

"आहे की. हा काय समोर."

"फॉर्मात नाही. काळा, पांढरा, लाल, निळा, हिरवा आणि इतर. निळा लिहू?"

"हा निळा नाही हो."

"मग इतर." त्यांनी 'इतर' लिहिलं आणि दारावरून बोट फिरवलं. "गाडीच्या अंगावर काटा का आलाय?"

मी थिनर, पंखा, ऑक्टोबर यांविषयी सांगू लागलो. ते माझं न ऐकता पुढे गेले आणि बॉनेटपाशी थबकले.

"हे काय लिहिलंय?"

"ते उलटं आहे साहेब. वाचता येत नाही."

"मला येतंय. आणि तुमच्या पुढच्या गाडीवाल्याने आरशात पाहिलं तर त्याला चांगलं सुलटं दिसेल. म्हणजे अख्ख्या मुंबईत तुम्ही ज्याच्या मागे जाल त्याला झालाच पाहिजे! सरकारी आवारात हे चालणार नाही. रंग नीट करून या."

मी मान खाली घालून गाडीत बसलो. ते खिडकीशी वाकले, डावीकडे उजवीकडे पाहिलं, आणि पुटपुटले, "अक्षर मात्र झकास उमटलंय." मग एकदम मोठ्याने ओरडले, "चला, चला, पुढची गाडी!"

तिसऱ्या हाताच्या दिवशी मी शेडमध्ये पाऊल टाकताच कोंडीराम म्हणाला, "साहेब, रागावू नका. आज तुम्ही घरी जा."

हेडक्लार्कला घरी जा म्हणण्याचा अधिकार फक्त मॅनेजरला असतो. माझ्या कानशिलांना ऊब आली. "का?" मी विचारलं. "माझी मोटार आहे."

"म्हणूनच. तुमचं प्रेम लय पडतंय तिच्यावर." त्याने कोपऱ्यात पडलेली एक फळी घेतली, तिच्यावर लांबून एक फवारा मारला. मग तीच बंदूक वीतभर अंतरावर आणून दुसरा. "हात लावू नका, बघा नुसतं. लांबून मारला तर थेंब वाटेतच सुकतो. रंग घट्ट असला तर पसरत नाय. हवा कमी पडली तर थेंब मोठा. आणि ऊन, पंखा असला तर त्याला वेळच मिळत नाय."

"कशाला वेळ?"

"भेटायला. थेंब पडला की शेजारच्या थेंबाला भेटला पाहिजे, साहेब. दोघं ओले असताना भेटले की एक होतात, काच होते. भेटायच्या आत सुकला की जिथल्या तिथं दाणा. हजार दाणे म्हणजे साल."

मी कोपऱ्यातल्या पंख्याची वायर गुंडाळू लागलो. ती गुंडाळायला मला जरूरीपेक्षा जास्त वेळ लागला असावा. कारण कोंडीरामने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि मग वायरीवर लोंबणारा एक दिवा माझ्या हातात दिला.

"हा धरा. पत्र्याच्या बाजूने, तिरका. पाय जागेवर, तोंड बंद. रुमाल बांधा."

त्याने आपला दुसरा रुमाल माझ्या तोंडाला बांधला. सकाळचे दहा वाजले होते. दमट हवा उतरली होती आणि ऊन अजून चढलं नव्हतं. कोंडीरामने थिनर मोजून घातलं, काडीवरून रंगाची धार सोडून पाहिली, आणि काम सुरू केलं. त्याचा हात मनगटातून वळत नव्हता. सगळा माणूसच पत्र्याला समांतर चालत होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि मी दिवा घेऊन त्याच्या मागे. तिरक्या उजेडात मला दिसलं. रंग आधी बारीक दाण्यांनी येऊन बसे. क्षणभर तो दाण्यांचाच असे. मग ते दाणे हळूच सैल होत, एकमेकांच्या अंगावर रेलत, आणि दिव्याचा तुकडा तुकडा झालेला पिवळा डाग एकाएकी जुळून अख्खा दिवा दिसू लागे. दरवाजाभर. मग टपभर. माझ्या रुमालाआड माझं तोंड उघडं होतं, पण बंद ठेवायची अट बोलण्यापुरतीच असावी असं मी धरून चाललो.

आम्ही तासभर एक शब्दही बोललो नाही. असा तास मी दीड वर्षात घालवला नव्हता. गप्प असे तास पुष्कळ घालवले होते, ते निराळे.

मोटार घरी आली त्या संध्याकाळी तात्यांनी तिच्यात आपलं प्रतिबिंब पाहून केस सारखे केले आणि "खोबरेल मुरलं म्हणून ही चमक," असा निर्णय दिला. सुनंदाबाई गॅलरीतून म्हणाल्या, "छान हो! मी म्हटलं नव्हतं?" सगळं मिळून पाच मिनिटं. मोटारीत आता कोणाला सल्ला देण्यासारखं काही राहिलं नव्हतं. इन्स्पेक्टरांनी शिक्का मारला. आणि पुढचा रविवार आला.

आकाशी मोटारीत बसून कुठे जावं याचा मी सकाळी नऊपासून अकरापर्यंत विचार केला. मागची सीट मोकळी, बाजूची मोकळी. शेवटी लालबागला गेलो. म्हणालो, "मागच्या मडगार्डाला काहीतरी झालंय." कोंडीरामने मडगार्डावरून तळवा फिरवला. त्याला काहीही झालेलं नव्हतं हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"बसा साहेब," तो म्हणाला आणि स्टूल पुढे केलं. मग बराच वेळ दुसऱ्या एका गाडीचं दार घोटत राहिला. "एक विचारू? नाय म्हणालात तरी चालेल."

"विचारा."

"सहा तारखेला बाबासाहेबांना जाऊन वर्ष होतंय. आईला चौपाटीवर जायचंय, दादरला, जिथं अग्नी दिला तिथं. गेल्या वर्षी प्रेतयात्रेत वरळीहून चालत आली. त्या गर्दीत गुडघा दुखावला तो दुखावलाच. बसमध्ये चढता येत नाय तिला. म्हणून म्हटलं..."

मी काही मोठा सुधारक नव्हे. खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिल्यांदा तात्यांचा चेहरा आला, आणि मग आमच्या ज्ञातीतले आणखी चार चेहरे. ते चेहरे माझ्याकडे कधी आले होते बरं, असं आठवू लागलो. आठवेना. म्हणालो, "किती वाजता येऊ?"

"दोनला चालेल?"

सहा तारीख शुक्रवार. अर्ध्या दिवसाच्या रजेच्या अर्जात 'कारण' असा रकाना असतो. मी लिहिलं, 'कौटुंबिक'. साहेब जेवायला गेले होते. ते परत येऊन सही करेपर्यंत सव्वादोन झाले, आणि सही करताना त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "धैर्यवान, तुमचं कुटुंब तर नागपूरला ना?"

"हो साहेब. हे दुसरं," मी घाईत म्हणालो, आणि त्या वाक्याचा अर्थ जिना उतरताना माझ्या लक्षात आला. कचेरीत त्यावर महिनाभर चर्चा झाल्याचं मागाहून कळलं.

वरळीच्या बीडीडी चाळीशी पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. कोंडीराम पांढऱ्या सदऱ्यात रस्त्यावरच उभा होता. त्याची आई कमळाबाई तळमजल्याच्या उंबऱ्यावर बसली होती. पांढरं लुगडं, मांडीवर फुलांची आणि मेणबत्त्यांची पुडी. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, मोटारीकडे पाहिलंच नाही, आणि मुलाच्या खांद्याला धरून मागच्या सीटवर बसली. वाटेत चकार शब्द नाही. कोंडीराम माझ्या कानाशी कुजबुजला, "गप्प असली म्हणजे रागात हाय."

शिवाजी पार्काच्या पुढे पोलिसांनी गाड्या अडवल्या. मी म्हणालो, "तुम्ही जाऊन या. मी इथे थांबतो."

"का थांबतोस?" मागून आवाज आला. "एवढा आलास नि थांबतोस? धर हात."

एका बाजूने कोंडीराम, दुसऱ्या बाजूने मी, असे आम्ही त्या रांगेत शिरलो. हजारो माणसं होती आणि आवाज पावलांचाच तेवढा. कोट-टोपीतला मी एकटाच नव्हतो, तरी मला तसं वाटत होतं. माझ्या हातात काही नव्हतं. कमळाबाईंनी न विचारता पुडीतली एक मेणबत्ती माझ्या हातात दिली. समुद्राच्या वाऱ्याने ती विझली. पुढच्या अनोळखी माणसाने मागे वळून आपल्या मेणबत्तीने ती पेटवली. पुन्हा विझली. या खेपेला मागच्या बाईने पेटवली. असं चार वेळा झालं. जागा आली तेव्हा कमळाबाई वाळूत खाली बसल्या आणि दोन्ही तळवे वाळूवर पसरून तशाच राहिल्या. त्यांच्या बाजूला मी मेणबत्ती रोवली. कोणासाठी रोवली, ते सांगायची गरज तिथे कोणालाच पडत नव्हती. मी थोडा वेळ रडलो. शेजारचेही रडत होते, त्यामुळे त्यात वेगळं असं काही दिसलं नाही.

परत चाळीपाशी आलो तेव्हा दिवे लागत होते. कमळाबाई उतरल्या आणि दाराला धरून उभ्या राहिल्या. मी 'छे छे, त्यात काय' हे वाक्य ओठांवर तयार ठेवलं.

"पुढल्या साली येशील तेव्हा एवढा उशीर करू नको," त्या म्हणाल्या. "मी एक वाजल्यापास्नं उंबऱ्यावर बसलेय. म्हातारं माणूस वाट बघतंय, काही कळतं का तुला?"

"कचेरीत सही..."

"ते मला नको सांगू."

कोंडीराम ओशाळला. "आई, साहेब हायत ते."

"असू दे साहेब. उशीर केला तो केलाच ना?"

वासंती गेल्यापासून माझी वाट पाहून कोणी माझ्यावर रागावलं नव्हतं. मी स्टीअरिंग धरून बसलो. मग खरं तेच म्हणालो, "चुकलं माझं. पुढच्या वर्षी एकला येतो."

"बाराला ये. जेवायलाच ये." एवढं बोलून त्या वळल्या आणि एकेक पाय उचलत आत गेल्या.

मी खिशातली डायरी काढली. अठ्ठावन्न सालची डायरी अजून बाजारात यायची होती. म्हणून शेवटच्या कोऱ्या पानावर, चाळीच्या दिव्याच्या उजेडात, मी ठळक अक्षरांत लिहिलं : सहा डिसेंबर, बारा वाजता, वरळी. जेवण तिकडेच.